तीन प्युरिफायर, एक हॉल आणि संध्याकाळची धुरी

वाचकाचं पत्र:

आम्ही चेंबूरच्या टिळक नगरात राहतो. दुसरा मजला, वन बीएचके. घरात सासू-सासरे, आम्ही दोघं आणि आठ महिन्यांचं बाळ. सासरे ७१ वर्षांचे, जुना दमा आहे, हॉलमध्ये झोपतात. हॉल १० बाय १५, बेडरूम १० बाय १२. समोरची जुनी इमारत पुनर्विकासासाठी पाडायला घेतलीय. सकाळी पुसलेल्या टीपॉयवर दुपारी बोटाने नाव लिहिता येतं. सासऱ्यांचा रात्रीचा खोकला वाढलाय. दिल्लीचा माझा भाऊ म्हणतो, एअर प्युरिफायर घेच. नवरा म्हणतो, समुद्राकाठच्या शहरात ही थेरं कशाला?

मी ऑनलाइन तीन निवडून ठेवलेत. पहिला ६,५०० रुपयांचा, '३०० चौरस फुटांसाठी' म्हणतात, सीएडीआर १२०, आयोनायझर (हवेतल्या कणांना विद्युतभार देणारा भाग) आहे, फिल्टर १,५०० चा आणि सहा महिन्यांनी बदलायचा. दुसरा १३,००० चा, दिसायला अगदीच साधा, सीएडीआर ३६०, वर्षाला २,८०० चा फिल्टर. तिसरा ३८,००० चा, सात टप्पे, यूव्ही दिवा, मोबाइलवर चालतो, वर्षाला ५,५०० चा फिल्टर, पण सीएडीआर कुठे दिसत नाही. नवऱ्याचं म्हणणं, घ्यायचाच तर चांगला तरी घे, म्हणजे तिसरा. कोणता घेऊ? घरात बाकी धूर असा काही नाही. सासूबाई संध्याकाळी उदबत्ती लावतात आणि बाळाला धुरी देतात, रात्री हॉलमध्ये डासांची कॉइल असते, तेवढंच.

– एक वाचक, चेंबूर

उत्तर:

तुमच्या पत्रातल्या शेवटच्या वाक्यावर मी बराच वेळ थांबले. त्याकडे येते. पण प्रश्न तुम्ही यंत्रांचा विचारलाय, तर आधी यंत्रं.

प्युरिफायर उघडला तर आत कामाच्या वस्तू दोनच निघतात, पंखा आणि फिल्टर. पंखा खोलीतली हवा ओढतो, फिल्टरमधून ढकलतो, आणि हेच दिवसभर करत राहतो. म्हणून जाहिरातीत एकच आकडा शोधायचा, तो सीएडीआर, म्हणजे 'क्लीन एअर डिलिव्हरी रेट'. यंत्र तासाभरात किती घनमीटर स्वच्छ हवा खोलीत सोडतं, ते हा आकडा सांगतो. फिल्टर उत्तम पण पंखा मरतुकडा, तरी हा आकडा पडतो. पंखा दणकट पण फिल्टरच्या कडेने हवा निसटतेय, तरी पडतो. दोघांची परीक्षा एकदमच होते, आणि म्हणूनच ज्यांना लपवायचं असतं ते नेमका हाच लपवतात. एक काळजी घ्या. काही ठिकाणी हा आकडा घनफूट प्रतिमिनिटात दिलेला असतो. त्याला १.७ ने गुणलं की घनमीटर प्रतितास मिळतात. दोन यंत्रांचे आकडे वेगवेगळ्या मापात असतील तर तुलना फसते.

आता तुमचा हॉल. १० बाय १५, छत साडेनऊ फूट धरू. १,४२५ घनफूट, म्हणजे साधारण ४० घनमीटर हवा. घरात दम्याचं माणूस असेल तर ही सगळी हवा तासाला पाच वेळा फिल्टरमधून जावी असा हिशेब धरावा. चाळीस पंचे दोनशे. म्हणजे हॉलसाठी २०० चा सीएडीआर हवा आणि बेडरूमसाठी १६० च्या आसपास.

पहिलं यंत्र इथेच बाद होतं. त्याचा १२० चा आकडा तुमच्या बेडरूमलाही पुरत नाही. मग ते '३०० चौरस फूट' आले कुठून? ३०० चौरस फुटांच्या खोलीत सुमारे ८० घनमीटर हवा असते. तिथे हे यंत्र तासाला जेमतेम दीड वेळा हवा फिरवणार. तेवढ्या वेळात खिडक्यांच्या फटींतून बाहेरची हवा आत येऊन बसलेली असते. 'इतक्या चौरस फुटांसाठी' हा आकडा कंपनी तासाला किती फेऱ्या धरते त्यावर ठरतो, आणि त्या किती धरल्यात हे खोक्यावर सहसा लिहिलेलं नसतं. तो वाचूच नका.

पुढची गोष्ट दुकानदार सांगत नाही, आणि माझ्या मते सगळ्या खरेदीचं मर्म तिथेच आहे. सीएडीआर मोजतात तो पंखा पूर्ण वेगात असताना. पूर्ण वेगात बहुतेक यंत्रं ५० ते ६५ डेसिबल आवाज करतात. त्या घोंघाटात सासरे झोपायचे नाहीत. रात्री अकराला कुणीतरी उठून बटण 'स्लीप'वर आणणार, आणि त्या वेगात बऱ्याच यंत्रांमधून पूर्ण आकड्याच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्श्याइतकीच हवा येते. म्हणजे पहिलं यंत्र रात्री ३०-४० घनमीटरवर चालणार, हॉलची हवा तासाला एकदा. ते असून नसल्यासारखं. म्हणून गरजेपेक्षा दीड-दोन पट मोठं यंत्र घ्यायचं आणि मधल्या वेगावर चालवायचं. दुसरं यंत्र ३६० चं आहे. मधल्या वेगावर निम्मं धरलं तरी १८० मिळतात, हॉलला तासाला साडेचार फेऱ्या. हे चालेल. झोपण्याआधी अर्धा तास पूर्ण वेगात चालवा, मग मधल्यावर आणा.

तिसऱ्याबद्दल तुमच्या नवऱ्याला एवढंच विचारा, ३८,००० च्या यंत्रावर सीएडीआर का नाही? सात टप्प्यांपैकी धुळीची जाळी हा एक, बारीक कण अडवणारा हेपा फिल्टर हा दुसरा आणि वास शोषणारा कार्बन हा तिसरा. उरलेले चार मोजणी वाढवण्यासाठी असतात. यूव्ही दिव्यासमोरून हवा इतक्या झपाट्याने निघून जाते की जंतूंवर त्याचा परिणाम होण्याइतका वेळच मिळत नाही. आयोनायझरचं तर दम्याच्या घरात कामच नाही. त्यातून ओझोन निघू शकतो, आणि ओझोन श्वासनलिकेला चुरचुर लावतो. कॅलिफोर्निया राज्याने घरातल्या अशा यंत्रांसाठी ओझोनची मर्यादा कायद्याने घातली आहे ती याचसाठी. दुसऱ्या यंत्रातही आयोनायझरचं बटण निघालं तर ते कायमचं बंद ठेवा.

हेपाच्या प्रतींवरून वाद घालणारे लोक भेटतील. एच १३ म्हणजे पकडायला सर्वांत अवघड आकाराचे कणसुद्धा ९९.९५ टक्के अडवणारा फिल्टर. एखाद्याचा ९९.५ असेल तर? तुमच्या हॉलला काही फरक कळणार नाही, कारण तीच हवा पुन्हापुन्हा फिल्टरमधून जातेय. फरक पडतो तो किती हवा जातेय याने. 'हेपा टाइप', 'हेपासारखा' असं लिहिलेलं मात्र सोडून द्या.

कार्बनबद्दल. चेंबूरला माहुलच्या रिफायनऱ्यांच्या बाजूने कधीकधी जो वास येतो तो तुम्हाला मी सांगायला नको. स्वस्त आणि मध्यम यंत्रांमध्ये काळ्या भुकटीचा पातळ थर चढवलेली जाळी असते. ती स्वयंपाकाचा वास थोडा मारते आणि काही आठवड्यांत भरून जाते. वायू खरोखर शोषायचे तर कार्बनच्या दाण्यांचं किलोने वजन लागतं, आणि तसं यंत्र तुमच्या यादीत नाही. त्यामुळे वासासाठी यंत्र घेऊ नका. ते बारीक कणांसाठी घ्या.

आता तीन वर्षांचा खर्च मांडू. यंत्रासोबत एक फिल्टर येतोच. पहिल्याला पुढे पाच फिल्टर लागतील, म्हणजे ६,५०० चं यंत्र १४,००० ला पडतं. दुसऱ्याला दोन लागतील, १८,६००. तुमच्याकडची धूळ बघता तीन धरा, २१,४००. तिसरं ४९,०००. दुसऱ्याची दोन यंत्रं घेतली तरी नुसत्या खरेदीला २६,००० होतात, म्हणजे तिसऱ्या एकाच्या खरेदीपेक्षा १२,००० नी कमी. हॉलला एक, बेडरूमला एक. पण दोन्ही आत्ताच घेऊ नका. एक घ्या, रात्री सासऱ्यांपाशी ठेवा आणि दुपारी बाळ झोपतं तेव्हा बेडरूममध्ये न्या. एक हिवाळा असा काढून बघा.

विजेची काळजी नको. मधल्या वेगावर २५-३० वॉट जातात, दिवसरात्र चालवलं तरी महिन्याला २० युनिटांच्या आसपास.

विकत घेण्याआधी एक करा. त्या मॉडेलचा मूळ कंपनीचा फिल्टर आज विकत मिळतोय का ते बघा. यंत्र दोन वर्षांत बाजारातून गेलं आणि फिल्टर मिळेनासा झाला, की त्याचं स्टूल होतं. आणि घरी आल्यावर मागचं झाकण उघडून फिल्टरवरची प्लास्टिकची पिशवी काढा. हसू नका, पिशवीसकट महिनोन्‌महिने यंत्र चालवणारी घरं असतात, आणि 'काही फरक नाही हो' म्हणणारीही बहुधा तीच. बाहेरची जाळी दर आठवड्याला व्हॅक्यूमने किंवा मऊ ब्रशने झाडा. हेपा मात्र कधीही धुवायचा नाही, पाणी लागलं की तो गेला.

यंत्रावरचा आकडा किंवा लाल-हिरवा दिवा फार मनावर घेऊ नका. तो यंत्राच्या तोंडाशी असलेली हवा मोजतो, सासऱ्यांच्या उशाशी असलेली नाही. शिवाय हवा दमट असली की पाण्याचे सूक्ष्म थेंबसुद्धा तो कण समजून मोजू शकतो. यंत्र भिंतीला चिकटवून किंवा सोफ्याच्या मागे ठेवू नका, चहूबाजूंनी फूटभर जागा सोडा. छताचा पंखा चालू राहू दे, हवा मिसळायला त्याची मदतच होते. स्वयंपाकघराजवळ मात्र नको. फोडणीचा तेलकट धूर बसला की फिल्टर आठ-नऊ महिन्यांचा सोबती. फोडणी टाकण्याआधी एक्झॉस्ट लावा, नंतर नव्हे.

नवऱ्याचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. दुपारी समुद्रावरून येणारा वारा मुंबईची हवा खरोखरच धुऊन काढतो. पण रात्री तो पडतो, उलटा जमिनीकडून वाहतो, आणि नोव्हेंबर ते फेब्रुवारीत थंड हवेचा थर जमिनीलगत झाकण घातल्यासारखा बसून राहतो. म्हणून तुमच्याकडे रात्र आणि सकाळ वाईट, दुपार बरी. भारतीय मानकाप्रमाणे चोवीस तासांची पीएम २.५ ची, म्हणजे अडीच मायक्रॉनपर्यंतच्या बारीक कणांची, मर्यादा घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम आहे, जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये ती १५ सुचवली. हिवाळ्यात मुंबईचे कितीतरी दिवस या पंधराच्या खूप वर जातात. भावाच्या दिल्लीसारखे शेकड्यांतले आकडे इथे क्वचित, म्हणून दिल्लीइतका धसका घ्यायला नको. पावसाळ्यात तर यंत्र पुसून, फिल्टरसकट कोरड्या जागी ठेवून द्या. दमट हवेत चालवलं तर फिल्टरला कुबट वास धरतो.

यंत्र आलं म्हणून खिडक्या कायम बंद नकोत. बंद खोलीत चारजण झोपले की कार्बन डायऑक्साइड साचतो, आणि तो कुठलाही प्युरिफायर काढत नाही. समोरचे मजूर दुपारी जेवायला बसतात तेव्हा आणि रविवारी काम बंद असेल तेव्हा खिडक्या सताड उघडा. बाकी वेळ रस्त्याकडच्या बंद, मागच्या बाजूची किलकिली. सरकत्या खिडक्यांच्या फटींना ब्रशची पट्टी लावून घ्या, हार्डवेअरच्या दुकानात स्वस्तात मिळते.

टीपॉयवरच्या धुळीबद्दल एक कटू गोष्ट. ती प्युरिफायरने जाणार नाही. पाडकामाची जी धूळ डोळ्यांना दिसते ती जाड असते, यंत्रापर्यंत पोचायच्या आत खाली बसते. तिच्यावर उपाय ओलं फडकं. कोरडा झाडू मारलात तर बसलेली धूळ पुन्हा सासऱ्यांच्या नाकाच्या उंचीवर येते. त्यांच्या अंथरुणाच्या चादरी आणि उशांचे अभ्रे आठवड्याला कडकडीत गरम पाण्यात धुवा. गादीतल्या माइट नावाच्या सूक्ष्म किड्यांवर यंत्राचा इलाज चालत नाही.

आणि ती धूळ मुळात तुमच्या घरात यायलाच नको. महापालिकेने ऑक्टोबर २०२३ मध्ये बांधकामांसाठी नियम काढले आहेत. पाडकाम चालू असलेली इमारत ताडपत्रीने किंवा हिरव्या कापडाने झाकायची, पाडताना सतत पाणी मारायचं, भोवती पत्र्याचं उंच कुंपण घालायचं. गॅलरीत उभं राहून यातलं काय दिसतं आणि काय नाही त्याचे तारीख दिसेल असे फोटो काढा, आणि सोसायटीच्या लेटरहेडवर एम-पश्चिम विभाग कार्यालयात तक्रार द्या. महापालिकेच्या १९१६ या हेल्पलाइनवर फोनही करा. एकट्या घराच्या तक्रारीपेक्षा सोसायटीच्या पत्राला वजन असतं. सचिव चालढकल करत असतील तर तुमच्यासारखी म्हाताऱ्या माणसांची आणि तान्ह्या बाळांची घरं एकत्र करा.

आता ते शेवटचं वाक्य. 'तेवढंच' असं लिहिलंय तुम्ही. धुरी, उदबत्ती आणि कॉइल ही तिन्ही तुमच्या घरातली बारीक कणांची सर्वांत जवळची कारणं आहेत, आणि तिन्ही संध्याकाळनंतरची, म्हणजे खिडक्या बंद व्हायच्या वेळची. एका डासांच्या कॉइलमधून निघणारे सूक्ष्म कण ७५ ते १३७ सिगारेटींच्या धुराइतके भरतात, असं २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं होतं. ती कॉइल रात्रभर दम्याच्या माणसाच्या पायथ्याशी जळते. अशा हॉलमध्ये प्युरिफायर लावणं म्हणजे एका हाताने नळ सोडून ठेवायचा आणि दुसऱ्या हाताने पाणी उपसायचं. कॉइल आज रात्रीच बंद करा. मच्छरदाणी आणा, खिडक्यांना जाळ्या लावा. खोकला उतरतो का ते यंत्र येण्याआधीच कळेल.

धुरीचा मामला नाजूक आहे, हे मला समजतं. निखाऱ्यावर ओवा, वावडिंग, शेपा, लसणीची सालं, हे सासूबाईंना त्यांच्या सासूने शिकवलं असणार. ओल्या घरांत अंघोळीनंतर बाळाला ऊब मिळावी, जावळ वाळावं, म्हणून ते होतं. त्यांनी तुमच्या नवऱ्यालाही अशीच धुरी दिली आहे आणि तो धडधाकट आहे, हे वाक्य तुम्हाला ऐकायला मिळणारच. त्याला तुम्ही उत्तर देऊ नका. बाळाच्या पुढच्या लसीच्या वेळी सासूबाईंना सोबत घेऊन जा आणि बालरोगतज्ज्ञांना त्यांच्यासमोरच विचारा, 'डॉक्टर, धुरी दिली तर चालेल का?' आठ महिन्यांच्या फुप्फुसांना आणि त्याच खोलीतल्या दम्याला धूर चालत नाही, हे डॉक्टरांच्या तोंडून आलं की सुनेने परंपरा मोडली असं होत नाही. आणि सासूबाईंच्या हातातून सगळंच काढून घेऊ नका. संध्याकाळचा दिवा राहू दे, परवचा राहू दे, तेल लावणं आणि गरम पंचात गुंडाळणं त्यांच्याकडेच राहू दे. ओव्याची पुरचुंडी त्यांना हवीच असेल तर पाळण्याच्या वर, बाळाच्या हाताला येणार नाही अशी टांगू द्या. उदबत्ती अगदीच सुटत नसेल तर गॅलरीतल्या तुळशीपाशी लावा, दार ओढून.

सासऱ्यांचा इनहेलर कोणत्याही परिस्थितीत थांबवायचा नाही, प्युरिफायर आला तरी आणि खोकला थांबला तरी. खोकला वाढून किती दिवस झाले आणि रात्री किती वेळा उठावं लागतं, हे कागदावर लिहून छातीच्या डॉक्टरांना दाखवा. इनहेलर घेण्याची पद्धतही त्यांच्यासमोर एकदा करून दाखवायला सांगा. वर्षानुवर्षं चुकीच्या पद्धतीने ओढणारी माणसं खूप असतात, आणि औषध छातीऐवजी घशातच राहतं. स्पेसर, म्हणजे इनहेलरला जोडायची पोकळ नळी, नसेल तर तो लिहून मागा. ही भेट यंत्राची ऑर्डर देण्याआधी व्हायला हवी, याच आठवड्यात.